राखाडी पँटची माया

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "साखर काठावर आहे. तीन महिन्यांत खाली आली नाही तर गोळी सुरू. आणि ती मग कायमची."

गोळीला मी फार भितो. माझ्या वडिलांचीही सुरुवात एका गोळीनेच झाली होती, आणि शेवटी जेवणाच्या ताटाशेजारी गोळ्यांचा डबा लागायचा. पण भीती दाखवेन तर मी कसला? म्हटलं, "बाई, मी काही जाड झालेलो नाही. ही अंगावरची राखाडी पँट मीच शिवलीय, लेक पाळण्यात होती तेव्हा. अजून अगदी मापात बसते."

"काट्यावर उभे राहा जरा."

"काट्याचं मला कळत नाही. मी शिंपी माणूस. पँट खोटं बोलत नाही."

"मग तीच सैल करून दाखवा," बाई हसून म्हणाल्या. "सायकल चालवा रोज. एकदम मोठी उडी नको. आधी पुलापर्यंत, मग टाकीच्या चढापर्यंत, मग न उतरता चढ."

हे मला पटलं. आमच्या धंद्यातही आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई.

लेक नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली पडून होती. पुढे फुलाफुलांची टोपली, घंटी गुलाबी. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंतच गेलो आणि तिथेच भरती होतो की काय असं वाटलं. वर पँटचा पाय साखळीत अडकला. दुसऱ्या दिवसापासून पायाला कपड्यांचा चिमटा लावायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, सगळे चिमटे तुम्हीच नेले तर मी कपडे काय दातांत धरून वाळवू?"

पण जमत गेलं. पूल आला. पुलावर भाजीवाली ओळखीचं हसायला लागली. मग चढाचा पायथा, मग अर्धा चढ. अर्ध्यावर उतरून सायकल ढकलताना लाज वाटायची, पण धाप पूर्वीसारखी लागत नव्हती.

गोची एकच होती. पँट तसूभरही सैल होत नव्हती. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना कमरेत अंगठा घालून बघायचो. पहिल्या दिवशी जेवढा जायचा, तेवढाच जायचा. टेप लावली नाही, कारण स्वतःचं माप स्वतः घेतलं की टेप आपोआप घट्ट ओढली जाते. शिंप्यालाही हा मोह सुटत नाही. बायको म्हणायची, "चेहरा उतरलाय तुमचा, बारीक झालात." मी म्हणायचो, "तुझं प्रेम आहे म्हणून तुला तसं दिसतं."

शेवटी माझं डोकं फिरलं. एवढे पाय मोडून घ्यायचे आणि नशिबी गोळीच असेल, तर सुखानं झोपून तरी राहावं! एका सकाळी सायकल पुन्हा जिन्याखाली लोटली.

त्याच दुपारी दुकानात इस्त्री तापली होती, म्हणून ती राखाडी पँट घेतली. शिवणी दाबायला उलटी केली आणि हातातली इस्त्री हातातच राहिली. मागच्या शिवणीला आत दोन्ही बाजूंनी चांगली दोन-दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड. एवढी माया मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला सोडली नव्हती. शिवाय त्या कापडावर उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या ओळीच ओळी.

"अगं, हे कुणी केलं?"

दुकानात काजं करायला बायकोच बसते; तिनं मान वर केली. "कुणी म्हणजे? मीच. घसरायला लागली होती. शिंप्याचीच पँट ढगळ दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? आणि दर वेळी सांगितलंय तुम्हाला, पँट आत घेतलीय म्हणून."

सांगितलं होतं खरं. आणि दर वेळी मला वाटलं होतं, दोरीवरून आत घेतली!

मी हसत सुटलो. मग त्या ओळींकडे पुन्हा पाहिलं आणि हसू थांबलं. भोकांची एक ओळ माझ्या हातची, जुनी. बाकीच्या तिच्या हातच्या, काही तर माझ्या ओळीच्याही बाहेर, पार कापडाच्या कडेला. "म्हणजे इतकी वर्षं तू ही पँट उसवून सैल करत होतीस? आणि मी म्हणतोय, मापात बसते!"

"तेव्हा सांगितलं असतं, तर घास गेला असता का घशाखाली?" ती म्हणाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती उठली, पँट माझ्या हातून घेतली आणि मोठी कात्री उचलली.

"अगं, राहू दे की थोडी," मी घाबरून म्हणालो. "काय सांगावं, लागली तर?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "एवढी माया बरी नव्हे."

आणि तिनं ती कापली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढली, तर टोपलीत राखाडी कापडाचा एक पट्टा, बटण लावलेला. पायाला बांधायचा. त्याच मायेचा. मी तो पँटवरून घोट्याला बांधला आणि त्या दिवशी टाकीपर्यंत उतरलोच नाही. वर पोहोचल्यावर ती गुलाबी घंटी उगाचच वाजवली, दोनदा. चिमटे आता सगळे दोरीवर असतात.