तिसरं जोडपं

मांडवात उभ्या असलेल्या सुनेच्या किमोनोचा कंबरपट्टा सुमिएने असा आवळला, की चिनात्सुचा श्वास अडकला. तिने तक्रार मात्र केली नाही.

“घट्ट झाला का?”

“चालेल, आई.”

“टोलनाक्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत जायचंय. तोंड पाडून चालू नकोस, पेपरात फोटो येणार आहे.”

“आणि माझी कोतो?”

“आधी सोहळा पार पडू दे. मग भेट की तासभर. मी शब्द फिरवत नाही.”

क्योतो शहराला वळसा घालून जाणारा टोलचा रस्ता आज खुला होणार होता. नव्या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकायचा मान एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या जोडप्यांचा. आजोबा-आजी, मुलगा-सून, नातू-नातसून, सगळे हयात हवेत आणि जोडीने हवेत. सुमिएच्या घराचं, उएयामांचं बांबूचं बन याच रस्त्याखाली गेलं होतं. ज्या बनातले कोंब खणून घर पिढ्यान्‌पिढ्या जगलं, तिथे आता डांबर होतं. बन गेलं ते गेलं, निदान मान तरी दारात यावा, एवढंच सुमिएने धरून ठेवलं होतं. शेजारच्या कितागावांच्या घरीही तीन जोडपी होती, आणि तो मान त्यांच्याकडे गेला असता तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

अडचण तिसऱ्या जोडप्याची होती. चिनात्सु शरद ऋतूतच ओत्सुला, माहेरी निघून गेली होती. गेली कसली, सुमिएनेच तिला घालवली होती. तांदूळ कसे धुतेस इथपासून पोरीला कसं वाढवतेस इथपर्यंत, रोज उठून टोचून टोचून. शेवटच्या दिवशी दारात आडवी उभी राहून ती म्हणाली होती, “तुला जायचं तर जा. मुलगी या घरची आहे.” तेव्हा काझुमा, तिचा मुलगा, बायको आणि आई यांच्या मधोमध उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. त्यानंतर चिनात्सुचा फोन आला की कोतो नेहमी झोपलेली असायची.

काडीमोड अजून झाला नव्हता, म्हणून सोहळ्याच्या समितीला कुणी काही सांगितलं नाही. सुमिएने फोन करून एका दिवसासाठी ये म्हटलं, तर चिनात्सु लगेच येते म्हणाली. आली वठणीवर, असं सुमिएला वाटलं आणि बरंही वाटलं.

मांडवाबाहेर समितीचे निशिवाकी घाईघाईने सगळ्यांना ओळीत लावत होते. सुमिएच्या बहिणीच्या कडेवरची चार वर्षांची कोतो त्यांना दिसली.

“अहो वहिनी, ही तर चौथी पिढी! लपवून काय ठेवलीत? असा योग कुठल्या रस्त्याला आलाय? चालू दे तिलाही.”

सुमिए घुटमळली. दोरीपलीकडे पहिल्याच रांगेत कितागावांची सून उभी होती, ओठ मुडपून. चौथी पिढी तिच्याकडे नव्हती. सुमिएने कोतोला उतरवून घेतलं, तिचा झगा नीट केला आणि तिचा हात स्वतःच्या हाताने चिनात्सुच्या हातात दिला.

कोतोने वर पाहिलं. “आई, तू बरी झालीस?”

चिनात्सुने एकदा सासूकडे बघितलं. “झाले,” ती मुलीला म्हणाली.

मिरवणूक निघाली. पुढे काठी टेकत आजोबा तोकुजी आणि कमरेत वाकलेल्या यासुआजी, मागे सुमिए आणि तिचा नवरा, त्यामागे धाकटे. तोकुजी मध्येच रेंगाळले, पायाखाली पाहत राहिले. आपलं बन नेमकं कुठे होतं ते त्यांनाही ओळखता येईना. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजत होत्या. उभ्या जन्मात सुमिएसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिचा ऊर भरून आला.

बोगद्यापाशी फीत कापली, फोटो झाले. मग चिनात्सुने आजेसासऱ्यांना वाकून नमस्कार केला. सुमिएलाही केला, अगदी रीतसर, खाली. कोतोला कडेवर घेतलं आणि ती उताराकडे चालू लागली. खाली तिचा भाऊ गाडीचं दार उघडून उभा होता.

सुमिएला कळायला क्षणभर लागला. समोर कॅमेरे होते. ओरडायला तोंड उघडलं ते तिने तसंच हसरं ठेवलं आणि दातांतल्या दातांत म्हणाली, “काझुमा, अडव तिला.”

काझुमा चपलांकडे बघत होता.

“आई, ती कोतोला नेतेय,” सुमिए सासूला म्हणाली.

“दिसतंय मला. डोळे म्हातारे झालेत, फुटले नाहीत.” यासुआजींनी गर्दीकडे पाहून मान लववली. “पोरीचे लोकरी कपडे सकाळीच दिलेत मी चिनात्सुच्या भावाकडे. तू वाक, लोक बघतायत.”

सुमिए वाकली. ती सरळ झाली तोवर गाडी वळली होती आणि एक तरुण बातमीदार वही घेऊन तिच्यापाशी आला होता.

“धाकट्या सूनबाई इतक्यात कुठे निघाल्या?”

मागे, गर्दीबरोबर इथवर आलेली कितागावांची सून कान देऊन उभी होती.

“माहेरी,” सुमिए म्हणाली. “ओत्सुला. पूर्वी सगळं शहर ओलांडून जावं लागायचं. आता जवळ झालंय.”

बातमीदाराला ते वाक्य फार आवडलं. त्याने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि तिने सांगितलं.