पोर्चमधला लाल थेंब

रंगनाथराव गायधनी गाडीखाली उताणे पडून थेंब मोजत होते. छातीवर वही, तोंडात पेन्सिल, डाव्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि उजव्या मनगटावरचं घड्याळ अगदी डोळ्यांसमोर. स्टिअरिंग बॉक्सच्या खालच्या टोकाशी लाल तेल जमायचं, फुगायचं, क्षणभर विचार करायचं आणि पांढऱ्या फरशीवर टपकायचं.

"तेवीस मिनिटांनी एक," पेन्सिल काढून ते म्हणाले. "काल बावीस मिनिटांनी होता. सुधारणा आहे."

गाडीच्या कडेने बूट सरकत होते. बूट त्यांच्या बायकोच्या, सिंधुबाईंच्या, बहिणीच्या मुलाचे, शेखरचे होते. ते बॉनेटपासून निघाले, पुढच्या दारापाशी थांबले आणि मोजायची टेप खर्रकन आत गेली.

"काका, इथून कापली तर चालेल ना?"

शेखर गंगापूर रोडला कॅफे काढत होता आणि त्याला ही गाडी हवी होती. म्हणजे अर्धी. भिंत फोडून गाडी आत घुसलीय असं दिसावं आणि बॉनेटवर लोकांनी कॉफीचे कप ठेवावेत, अशी त्याची कल्पना होती. मागच्या अर्ध्याचा सोफा होणार होता. "तसं वाया काहीच जाणार नाही, काका," असं तो मधूनमधून हळुवारपणे सांगायचा. इस्पितळात अवयवदानाबद्दल नातेवाइकांशी बोलतात तसा आवाज काढून.

गाडी पंच्याण्णव सालची, जर्मन, सहा सिलिंडरची. अकरा वर्षांपूर्वी पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याकडून रंगनाथरावांनी ती घेतली होती. तिच्या मीटरवर दोनशे चाळीसपर्यंत आकडे होते. साठच्या पलीकडचा प्रदेश रंगनाथरावांनी कधी पाहिला नव्हता, पण तो आहे, या जाणिवेवर ते समाधानी होते. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी हायड्रॉलिक्सचा इन्स्पेक्टर म्हणून चौतीस वर्षं काढली होती. जे गळतं ते पास करायचं नाही, एवढंच काम. आणि निवृत्तीनंतर नियतीने त्यांच्या स्वतःच्या दारात हे लावून दिलं होतं.

गळती लागल्यावर दोन वर्षं ते निभावलं. मग सिंधुबाईंनी पोर्चमध्ये पांढऱ्या फरशा बसवल्या. तेल लाल. रोज सकाळी दारात, एकाच जागी, पंचवीसेक लाल ठिपके. शेजारच्या वत्सलाबाईंनी ते आठवडाभर कुंपणावरून पाहिले आणि आठव्या दिवशी काही न बोलता ठिपक्यांशेजारी टाचणी टोचलेलं लिंबू आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची भाडेकरूही घर सोडायचं म्हणू लागली.

सिंधुबाई फडकं घेऊन बाहेर आल्या.

"निघा खालून."

"अगं, विमानातसुद्धा काही थेंब चालतात. त्याची मर्यादा ठरलेली असते."

"मग पोर्चमध्ये विमान लावा."

"मावशी, रविवारी दहाला माणसं येतायत कटर घेऊन," शेखर म्हणाला. "काका, आधी पुढचा भाग नेऊ की मागचा, ते तुम्हीच ठरवा. मला दोन्ही सारखेच."

रंगनाथराव बाहेर आले. कपाळावर एक लाल थेंब पडला होता. एरवी सिंधुबाईंनी तो पुसला असता. आज नुसत्या बघत राहिल्या.

"शनिवारी दिवेलागणीला गाडीखाली पेपर पसरायचा," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी दूध आलं की बघायचं. एक जरी थेंब असला तरी शेखर गाडी नेणार. तुमचीच पद्धत आहे ना ही? तुमच्याच वहीत लिहा आणि सही करा."

रंगनाथरावांनी लिहिलं: स्वीकारार्ह गळती, शून्य. आणि सही केली. इतकी स्वच्छ अट कारखान्यातसुद्धा कोणी घातली नव्हती.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, पुंजा मिस्त्री ट्रकचे स्टिअरिंग बॉक्स उघडून बसायचा. मूळचा दिंडोरीकडचा. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग आतूनच म्हणाला,

"आपल्या ट्रकचाच बॉक्स हाय सायेब. फक्त कॉन्व्हेंटात शिकलेला."

बॉक्समधून एक जाड दांडा खाली येतो, त्याला एक आर्म असतो आणि तो आर्म चाकं वळवतो. दांडा जिथून बाहेर येतो तिथलं, तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं. सील बदलायचं तर आधी आर्म काढायचा. रंगनाथरावांनी आर्म आणि दांड्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना स्टिअरिंग तिरकं बसणार नाही. मग वहीत रेघेचं चित्र काढलं. मग चित्रावर तारीख घातली. पुंजा तोवर तंबाखू मळून, खाऊन, थुंकून आला.

आर्म तीस वर्षं तिथे राहत होता आणि त्याला जायचं नव्हतं. पुंजाने तो ओढून काढायचा पुलर लावला, आवळला, पान्याला नळी लावून आणखी आवळला, शेवटी नळीवर लटकला. आर्म ढिम्म.

"चला चहा घ्यू," पुंजा म्हणाला.

"असाच सोडून?"

"त्याला जरा एकट्याला बसू द्या. माणसं समोर असली की अडून बसतंय."

टपरीवर पहिला घोट घेतात तोच गॅरेजमधून बार उडाल्यासारखा आवाज आला. शेजारच्या लेथवरचा फकिरा दोन्ही हात वर करून रस्त्यावर आला आणि तसाच उभा राहिला.

"सुटला," पुंजा चहा ओढत म्हणाला. "खाली घे रं हात."

मुंबईहून मागवलेलं सीलचं किट गुरुवारी आलं. त्यात आतलं, दाब धरणारं सील होतं. बाहेरचं, धूळ अडवणारं नव्हतं. ते जर्मनीहून येणार होतं, पाच आठवड्यांनी. पुंजाने एका डब्यात हात घातला, चाचपला आणि एक काळं सील पुढे केलं. रंगनाथरावांनी व्हर्नियर लावलं. आतलं माप बरोबर, बाहेरचं बरोबर, जाडीही बरोबर. इतकी बरोबर मापं त्यांना संशयास्पद वाटत.

"हे कशाचं आहे?"

"इचारू नका."

"ट्रॅक्टरचं?"

"रसवंतीच्या चरकाचं."

रंगनाथरावांनी सील परत पुढे केलं.

"हे टिकणार नाही, पुंजा."

"एवढा ऊस सोसलाय त्येनं. तुमची धूळ सोसंल की."

मोठी अडचण वेगळीच निघाली. दांड्यावर, जिथे जुनं सील घासत होतं तिथे, नखाला लागेल एवढी खाच पडली होती. दांडा नवा मिळणं शक्य नव्हतं. पुंजाने बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत केला आणि सील नेहमीच्या जागेपेक्षा किंचित अलीकडे बसवलं, म्हणजे ते खाचेवर न घासता कोऱ्या भागावर घासेल. रंगनाथराव घरून पांढरे सुती हातमोजे आणि धागे न सुटणारं कापड घेऊन आले होते. पुंजाने हातमोजे घातले, दोन्ही हात समोर धरून न्याहाळले आणि म्हणाला,

"असं वाटतंय की आता बाळंतपणच करायचंय."

सगळं बसवून झाल्यावर पुढची चाकं उचलली, तेल भरलं आणि आतली हवा निघावी म्हणून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं. बॉक्स कोरडा होता. पुंजा हात पुसत बसला.

"सायेब, खरं सांगू? सील धरंल. पन दांडा जुना हाय. एखादा थेंब मंजूर करा तिला."

"शून्य पाहिजे."

"कोन मागतंय शून्य? आरटीओ?"

"बायको. लिहून घेतलंय."

पुंजाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मंग आधी नाय का सांगायचं," तो उठत म्हणाला. "आना तो पुलर. परत खोलू."

शुक्रवारी बॉक्स दुसऱ्यांदा उघडला गेला. सील आणखी केसभर सरकवलं. शनिवारी दुपारी रंगनाथराव गाडी घरी घेऊन आले आणि हॉर्न न वाजवता दारात थांबले. सिंधुबाई बाहेर आल्या, वाकून गाडीखाली बघितलं, उभ्या राहिल्या.

"चालवून बघितली का?"

"सातपूरहून चालवतच आणली ना."

"ती सरळ रस्त्याने. वळणं कुठायत सातपूरला?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांनी हिरवी पैठणी नेसून आल्या. "स्टिअरिंग तपासायचं म्हणजे वळणं हवीत."

वळणं त्यांनीच सांगितली. गाडी कॉलेज रोडला आली आणि एका तीन मजली घराशी डावीकडे वळली. घर त्यांच्या भावजयीचं होतं. भावजय गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोन वर्षं हे स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागे. आज ते एका बोटाने फिरलं आणि इंजिन खालच्या पट्टीत गुरगुरलं. सिंधुबाईंनी काच खाली केली, पण वर बघितलं नाही.

"डावीकडे वळवून झालं," त्या म्हणाल्या. "उजवीकडे नको का वळवून बघायला?"

ते फिरून आले आणि उजवीकडे वळले. भावजय कठड्याशी आली होती.

"आता जरा सावकाश घ्या. सावकाश वळतानाच दोष कळतो, तुम्हीच म्हणता."

तिसऱ्या फेरीला भावजयीचा नवराही, हातात चिमट्यांची टोपली घेऊन, गॅलरीत आला होता. परतताना कॅनडा कॉर्नरला सिंधुबाईंनी काच वर केली. मग समोर बघतच म्हणाल्या,

"बरी वळते."

दिवेलागणीला रंगनाथरावांनी शनिवारचा पेपर उलगडून बॉक्सच्या बरोबर खाली पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. वर आलेल्या पानावर अर्धं पान व्यापणारी कूलरची जाहिरात होती. सिंधुबाईंनी दाराच्या दिव्याखाली उभं राहून सगळं पाहिलं. तपासणी लावली की इन्स्पेक्टरने वस्तूजवळ घुटमळायचं नसतं, हा नियम रंगनाथरावांनी इतरांना खूप वेळा ऐकवला होता. ते जेवले आणि साडेनऊला झोपायला गेले. झोपले असं मात्र म्हणता येणार नाही. कटरने दार कापताना आवाज कसा येतो, हे त्यांना नोकरीमुळे नेमकं ठाऊक होतं.

सकाळी दुधाची पिशवी पडल्याचा आवाज आला तेव्हा ते उठले. शेजारचा पलंग रिकामा होता. त्यांनी चूळ भरली, स्वच्छ शर्ट घातला, वही घेतली आणि बाहेर आले.

सिंधुबाई पोर्चच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी दुधाची पिशवी.

"मी काही बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

रंगनाथराव गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर. चारी विटा जागेवर होत्या. पेपर कोरडा होता. त्यांनी आरसा धरून बॉक्सचं टोक बघितलं. तिथे लाल ओलावा होता, बोटाने टिपता येईल एवढा, जमू लागलेला. खाली पेपरावर मात्र काही नव्हतं. पेपराच्या कडेने वीतभर फरशी ओली होती, बाकीचा पोर्च अजून झाडलासुद्धा नव्हता.

त्यांनी चष्मा नीट केला आणि मान आणखी खाली घातली. कूलरची जाहिरात कुठे दिसेना. त्या जागी राशिभविष्य होतं, आठवड्याचं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वार छापलेला होता: रविवार.

काल विटा ठेवताना हा पेपर छापलाही गेला नव्हता. गुडघे दुखू लागले तेव्हा ते सावकाश उठले.

"मग?" सिंधुबाई म्हणाल्या. "काय लिहिताय?"

त्यांनी वही उघडली. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. इतक्यात सिंधुबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला.

"हां शेखर, बोल... नाही रे, माणसांना परत पाठव. नाही गळत." त्या जरा थांबल्या. "अरे, म्हणजे काय? तुझ्या काकांनी स्वतः तपासलंय. चौतीस वर्षांत त्यांनी कधी चुकीचं लिहिलंय का? थांब, त्यांनाच विचार."

त्यांनी फोन पुढे धरला.

"काका?" फोनमधून शेखर म्हणाला. "नक्की ना? एकही नाही?"

कुंपणापलीकडे वत्सलाबाई तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या होत्या. रंगनाथरावांनी गाडीकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"कागदावर एकही नाही," ते म्हणाले.

फोन बंद झाला. वहीत त्यांनी शून्य काढलं. ते नेहमीपेक्षा जरा मोठं आलं. सिंधुबाईंनी वाकून ते वाचलं, मान हलवली आणि दुधाची पिशवी उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला, सोबत दोन बिस्किटं. खुर्चीत बसून रंगनाथरावांनी सवयीने वाचायचा चष्मा खिशातून काढला आणि टेबलावर हात फिरवला.

"पेपर आला का गं?"

सिंधुबाई कप त्यांच्यासमोर ठेवत होत्या.

"आज सुट्टी आहे पेपरला," त्या म्हणाल्या.

रंगनाथरावांनी चष्म्याची घडी घातली, तो खिशात ठेवला आणि बिस्किट चहात बुडवलं.