तळ्याकाठची मोजणी

"चारच," म्हणत अजमतने वहीत आकडा लिहिला.

झाडू टेकवून नंदाबाई वाकल्या. "चार कसे, अजमतभाई? ह्या एका देठालाच पाच हैत की!"

भोकरदनच्या त्या कॉलेजात अजमत सव्वीस वर्षं माळी होता. बागेतल्या तळ्यातून चतुर, म्हणजे लांब शेपटीचे, जाळीदार पंखांचे किडे, निघायचे. पहाटे देठावर चढून, पाठीवरची कात फोडून उडून जायचे. मागे टरफल चिकटून राहायचं. रोज ती टरफलं मोजून काढायची, हे काम प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वंदना मॅडमनी त्याच्यावर सोपवलं होतं. महिनाभर आकडे घसरत होते. पाणीच बिघडलं असावं, असं मॅडमना वाटलं; चतुर नसले तर नुसते डासच वाढतील, म्हणून उद्या तळं बुजवायचं ठरलं.

अजमतने देठावरून बोट फिरवलं. टरफलं हाताला लागत होती. डोळ्यांपुढे नुसता हिरवट धूर. मग काहीतरी ओलं, मऊ लागलं. त्याने झटकन हात मागे घेतला.

"नुकताच निघाल्ता," नंदाबाई हळूच म्हणाल्या. "पंख चुरगाळला."

अजमत काठावर बसला. "खराबी पाण्यात न्हाई, नंदाबाई. माझ्या डोळ्यात हाय."

"मंग कुणाला बोलू नका. मी मोजते, तुम्ही लिहा. दोनच वर्षं राह्यली नोकरीची."

"अन् उद्या तळं बुजवतेत, त्याचं काय?"

अजमत वही घेऊन थेट प्रयोगशाळेत गेला.

"मॅडम, ह्या महिन्याचे आकडे बिलकुल चुकीचे हैत. मला दिसून न्हाई राह्यलं."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. भीतीनं बोललो न्हाई."

मॅडम रागावल्या नाहीत. त्याच्यासोबत तळ्यावर आल्या आणि गुडघ्यावर बसून मोजू लागल्या. एका कोपऱ्यातच एकेचाळीस टरफलं निघाली.

तळं वाचलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. कात्री-कोयत्याचं काम आता नको, म्हणत प्राचार्यांनी अजमतला फाटकावर बसवलं. पहिले काही दिवस तो बागेकडे पाठ करूनच बसायचा.

एका सकाळी वंदना मॅडमची स्कूटर फाटकातून आत येताना थांबली.

"अजमतभाई, काल अठरा टरफलं."

"मोठे का बारके?"

"मोठे."

त्याने मान हलवली. स्कूटर आत गेली. मग चाचपडत कडी शोधून त्याने फाटक लावून घेतलं.