फ्रिजचं कुलूप

मी एक कुलूप. माझी भावंडं दुकानांना, तिजोऱ्यांना लागली. त्यांचा मान मोठा. मला ओमेश्वरनं गोंदियाच्या बाजारातून आणलं आणि कुडव्यातल्या आपल्या घरी फ्रिजला लावलं. तेव्हापासून मी मोहल्ल्यात बदनाम आहे.

फ्रिजमध्ये सोनं नव्हतं. दूध, उरलेला भात, चार केळी. आणि चोर म्हणाल तर घरचीच, ओमेश्वरची सहा वर्षांची लेक दुर्गेश्वरी.

जन्मली तेव्हा ही इतकी मलूल होती की दूधसुद्धा ओढता येईना. तिनं खावं म्हणून आजीनं, धुरपताबाईनं, नवस बोलला. तिसऱ्या वर्षी पोर खाऊ लागली. नवस फेडला गेला. शेजाऱ्यांनी गाल ओढून कौतुक केलं. पण पोर थांबेचना. कच्चे तांदूळ, कोंबड्यांचे दाणे, कचऱ्यातली सालं, काही सोडेना. मग त्याच शेजाऱ्यांनी निदान केलं : आईनं लाडावलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हा जन्मापासूनचा दुर्मीळ जनुकीय दोष आहे, प्रेडर-विली म्हणतात. पोट भरल्याचा निरोप हिच्या मेंदूला पोचतच नाही. खाणं मोजून द्या, बाकीचं कुलपात ठेवा. पण मोहल्ल्यात घरोघरी डॉक्टर. नागपूरच्या एकाचं कोण ऐकतो?

"काऊन वं राजकुमारी, लेकराले उपाशी मारून राहिली का?" मला पाहून शेजारच्या पुष्पाबाईंनी दुर्गेश्वरीच्या आईला विचारलं.

"मोजून देतो, पुष्पाबाई. बिमारी हाय तिले."

"भूक कधी बिमारी असते का?"

दिवाळीत पुष्पाबाईंना दया आली. आजीच्या संमतीनं त्यांनी पोरीला घरी नेलं आणि ती नको म्हणेपर्यंत वाढायचं ठरवलं. ती नको म्हणाली नाही. संध्याकाळी तिचं पोट दगडासारखं झालं. पाच दिवस ती दवाखान्यात होती. भेटायला आलेला प्रत्येक जण उशाशी बिस्किटपुडा ठेवून गेला आणि जाताना म्हणाला, "वजन कमी करा हिचं."

त्यानंतर पुष्पाबाई माझ्याबद्दल बोलल्या नाहीत. आजी मात्र रोज माझ्याकडे रागानंच बघायची.

परवा दुपारी राजकुमारी घाईत बाहेर गेली आणि चाबी माझ्यातच राहिली. दुर्गेश्वरी आली. तिनं मला उघडलं, एक केळं काढलं, उभ्याउभ्या खाल्लं. दुसरं हातात घेतलं आणि रडू लागली. बराच वेळ रडली. मग ते आत ठेवून तिनं मला लावलं आणि चाबी आजीच्या हातात दिली.

"तुयापाशी ठेव, आजी. कुठी ठेवली ते मले सांगू नोको."

चाबी पदरात बांधून आजीनं नातीला जवळ ओढलं.

आमच्याकडे जरूर या. चित्राचे तुकडे जुळवण्यात दुर्गेश्वरी तुम्हाला हरवेल. 'किती जाड झाली ही' एवढं मात्र म्हणू नका. तिला ऐकू येतं.