पितळी दांडा

"दांडा काढल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. चहाला उतरा, नाहीतर आग लागली म्हणून उतरा, दांडा खिशात पाहिजे." संग्रहालयात कामाला लागले त्याच आठवड्यात मिस्त्रीकाकांनी मला हे बजावलं होतं.

"काका, गाडी नव्वद वर्षांची झाली. पळून कुठं जाणार?" मी म्हटलं होतं.

"म्हातारीच पळतात, बाई. तरण्यांना घाई नसते."

मी हसले होते आणि हातातली पाट्यांची यादी पुढे वाचायला लागले होते.

आमचं संग्रहालय म्हणजे जुना ट्राम डेपो. पाच ट्राम, त्यातली एकच चालती. आवारात शे-दीडशे पावलांचा रूळ आहे, वर विजेची तार आहे, सुटीच्या दिवशी मुलांना एक फेरी मिळते. चालकासमोर दोन दांडे असतात. मोठा वेगाचा, तो जागेवरच बसवलेला. दुसरा वीतभर लांबीचा, पितळी. गाडी पुढे जाणार की मागे ते त्याच्यावर ठरतं. तो काढून घेतला की मोठा दांडा हलत नाही. काकांनी तीस वर्षं हीच गाडी रस्त्यावर चालवली, ट्राम बंद पडल्यावर तिच्याबरोबर संग्रहालयात आले आणि तिचे मिस्त्री झाले. "वस्तूंच्या यादीत माझं नाव घालायचं राहून गेलं, एवढंच," असं ते पाहुण्यांना सांगत. त्यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा दांड्याच्या वजनाने लोंबलेला असे.

माझं काम मांडणीचं. कुठली वस्तू कुठे, पाटीवर काय, उजेड कुठून. दांडा नसलेली चालकाची जागा मला पुढचे दात पडलेल्या तोंडासारखी दिसायची.

वाहतूक संग्रहालयांचं एक आंतरराष्ट्रीय जाळं आहे. चाळीसएक देशांतले डेपो, गोद्या, स्टेशनं त्यात आहेत. दर तीन वर्षांनी त्याच्या कार्यकारी मंडळावर चार नवीन सदस्य घेतात. यंदाची सभा आमच्याकडे होती आणि चार नावांत माझं एक होतं. बाकीचे तिघे म्हणजे बोटींच्या संग्रहालयाच्या एक बाई, सायकलवाले गृहस्थ आणि रेल्वेचे एक आजोबा. उमेदवार चारच, जागाही चारच, त्यामुळे मतदान दुपारी चारला असलं तरी नव्या सदस्यांचा फोटो सकाळी अकरालाच काढायचं ठरलं. बारसं आधी, बाळंतपण नंतर.

त्या दिवशी बालवाडीत नळ फुटला म्हणून सुटी दिली. नवरा कामासाठी गावाबाहेर. मुलीला घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता. ती साडेचार वर्षांची आहे. घरात तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो, कारण जे फिरतं, दाबलं जातं, उघडतं ते तपासल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मी स्पंज बांधलाय. गॅस बंद आहे का हे बघायला जिन्यावरून परत येते, कधीकधी दोनदा. डेपोत पोचल्यावर तिला हातपंपाचं तोंड, सांडलेलं तेल आणि खिळे निघालेली फळी दाखवून झाली. ट्राम दाखवायचं सुचलं नाही. ट्राम माझ्या हिशेबी वस्तू होती.

फोटोसाठी गाडीतले दिवे हवे होते, म्हणून काकांनी छतावरचा खांब तारेला लावला. मग मी दांडा मागितला.

"कशाला?"

"फोटोपुरता. जागा रिकामी दिसते."

"दिसू दे की."

"काका, पाच मिनिटं. मी इथेच उभी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दांडा काढून माझ्या हातावर ठेवला. "नंतर मला काढायला लावू नका. तुम्हीच काढा आणि तुम्हीच आणून द्या," म्हणाले आणि गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मी दांडा बसवला. झकास दिसला. रेल्वेच्या आजोबांनी हातब्रेकचं चाक धरलं आणि चालकाच्या थाटात गरागरा फिरवून सैल केलं. जन्मभर वाहनांत वावरलेली माणसं आम्ही. चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की ही गाडी चालते. फोटो झाले. साहेब, म्हणजे आमचे संचालक, खालून म्हणाले, "चला, चहा थंड होतोय." आम्ही उतरलो. मीही उतरले.

कप हातात घेतला आणि इन्स्पेक्टर दिसेना.

गाडीने आवाज केला तो मोठा नव्हता. कपाट सरकवल्यासारखा. चालकाच्या काचेतून मुलीच्या डोक्यावरची पिवळी क्लिप तेवढी दिसत होती आणि गाडी आमच्या दिशेने येत होती. मी ओरडले असं सगळे सांगतात. मला माझा आवाज आठवत नाही. मला काका आठवतात. त्यांनी मागचा दोर ओढून खांब तारेवरून उतरवला. दिवे गेले, वीज गेली, पण गाडी चालतच राहिली. मग ते तिच्या बाजूने धावले, भिंतीजवळची लाकडी पाचर उचलली आणि पुढच्या चाकाखाली सारली. दुसऱ्या खेपेला पाचर बसली. पहिल्या खेपेला त्यांचं मनगट पायरीखाली सापडलं होतं.

गाडी रुळाच्या टोकाला मांडलेल्या चहाच्या टेबलापासून हातभर अंतरावर थांबली. बोटीवाल्या बाई बशी धरून तशाच उभ्या होत्या. मुलगी खाली उतरली आणि म्हणाली, "हे चालतं."

दवाखान्यातून काका अडीचला परतले, हात प्लास्टरमध्ये. साहेबांनी आपल्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं. समोर अपघाताच्या नोंदीचा कागद.

"दांडा गाडीत कोणी ठेवला?"

माझं तोंड उघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

"मी विसरलो," काका म्हणाले. "वय झालं, साहेब."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना दिसलं. पहिल्यांदाच आमच्या संग्रहालयाला मंडळावर जागा मिळत होती. नव्या सदस्येच्या हातून असं झालं म्हटलं असतं तर चार वाजता वेगळंच काही झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. चार वाजता हात वर झाले आणि मी निवडून आले. टाळ्यांत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती.

आठवड्याभरात काकांना घरी बसवलं. हार, शाल, दोन भाषणं. दांडा त्यांच्याकडून काढून घेतला. तो आता काचेच्या पेटीत आहे आणि त्याखालची पाटी माझ्या हातची आहे.

तीन आठवडे मी रोज त्या पेटीसमोरून गेले. मग मंडळाला पत्र लिहिलं: दांडा मी बसवला, मी तिथेच सोडला, मिस्त्री माझ्यासाठी खोटं बोलले, त्यांना परत घ्यावं. एक प्रत साहेबांना दिली. सदस्यत्व जाईल असं धरून चालले होते. उत्तरात माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक होतं आणि चालत्या वाहनांच्या सुरक्षेचे नियम लिहिण्याच्या समितीवर माझी नेमणूक होती. काकांबद्दल एक ओळ: हा स्थानिक संस्थेचा प्रश्न आहे. साहेब म्हणाले, "बाई, शाल दिलेली परत घेतात का?"

मी पत्राची प्रत घेऊन काकांच्या घरी गेले. दार अर्धंच उघडलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"जन्मात एकदा खोटं बोललो," म्हणाले. "तेही तुम्ही वाया घालवलंत."

"काका, चूक माझी होती."

"ते मला सांगता? मी मागेच उभा होतो. दांडा तुम्ही आणून देणार म्हणून वाट बघत होतो. उतरताना पाहिलं तुम्हाला. हाक मारायला हवी होती. नाही मारली. म्हटलं, बघू, आठवतंय का." मग पत्र माझ्या हातात देत, "गाडीत पोर आहे हे मला ठाऊक नव्हतं."

दार लागलं. त्यानंतर चार वेळा गेले. माझी पावलं ते जिन्यावरच ओळखतात. आत रेडिओ बंद होतो. शेवटच्या खेपेला दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली होती. दूधवाल्याची पिशवीही कडीला तशीच.

उद्या मी मंडळाच्या पहिल्या बैठकीला जाते आहे, नऊ दिवस. नियमांच्या मसुद्यात पहिला नियम काकांचा आहे, त्यांच्याच शब्दांत. साहेब त्यांच्याकडे जाणार नाहीत. नवरा गेला तर तो माझा माणूस ठरेल. तुम्ही त्यांना अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगते. डेपोच्या मागच्या फाटकासमोरची पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्यालगतचं दार. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. गुरुवारी प्लास्टर निघायचं आहे आणि बरोबर जायला कोणी नाही. माझं नाव काढू नका. बेल एकदा वाजवलीत तर ते जागचे हलणार नाहीत, ट्राममध्ये एक बेल म्हणजे थांबा. दोन वाजवा. आणि आतून काहीच आवाज आला नाही, तर तसेच परत फिरू नका.