ओहोटीचे मासे

माझा नवरा फार मायाळू आहे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

भरतीच्या पाण्याबरोबर बोटाएवढे मासे खारफुटीच्या मुळांत शिरतात, तिथे पोटभर खातात आणि ओहोटीला टम्म पोटाने बाहेर पडतात, हे माझं म्हणणं. ते सिद्ध झालं की आमच्या संशोधन संस्थेतली कायमची जागा माझी, असा विभागप्रमुख मॅडमनी शब्दच दिला होता. त्यासाठी ओहोटीचे मासे जाळ्यातून काढल्याबरोबर बर्फात टाकायला हवेत. जिवंत राहिले तर खाल्लेलं सगळं जिरवून टाकतात. नेमका ऐन हंगामात माझा पाय मोडला. नवरा म्हणाला, मी आणतो. बर्फाचं त्याला मी दहादा बजावलं.

मासे आले, बर्फातच आले. प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून मी एकेकाचं पोट फाडत बसले आणि एकजात सगळी पोटं रिकामी निघाली. शेवटी माझा अंदाज साफ चुकला, असं मीच लिहून दिलं. जागा माझ्या हाताखालच्या मुलीला मिळाली. ती मला ताई म्हणते. मोठ्या मनाचं दिसायची हौस, म्हणून मी तिला जेवायला बोलावलं.

जेवताना नवरा रंगात आला. काठावर मासे तडफडताना त्याला बघवेना, म्हणून त्याने बादलीत पाणी घेतलं, हवेचा छोटा पंप लावला आणि चार-पाच तासांची अख्खी वाट त्यांना जिवंत आणलं. बर्फात टाकले ते आमच्या जिन्याखाली. शिवाय हिला ताजे मिळाले, असंही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, पोरगा लहानपणापासून हळवाच.

भाताचा चमचा माझ्या हातातच राहिला. त्याच्यावर ओरडायचं तरी कसं, इतक्या भोळेपणाने तो आणखी भात मागत होता. मी त्या मुलीकडे पाहिलं. माशांची पोटं तपासायला तिला मीच शिकवलेलं. तिला सगळं कळलं होतं. ती पाणी प्यायली आणि पंप कुठून आणला, ते त्याला विचारू लागली.

ती निघाली तशी मी लंगडत दारापर्यंत गेले.

"उद्या मॅडमना सांगू या," मी म्हटलं. "तू ऐकलंयस. तूही चल."

तिने शांतपणे चपला घातल्या.

"ताई, लिहून तर तुम्हीच दिलंय," ती म्हणाली. "आणि भावोजी काय, जेवताना गमतीने काहीही बोलतात."