तीन नंबरची पानं

माफ करणाऱ्या बायकांचं जगात लय कौतुक होतं. माझं करू नका. मी विमला, जिंतुरात राहते, नवरा सिताराम कचेरीत कारकून. एका माणसावरचा राग मी पंधरा वर्षं जपून ठेवला होता. त्याचं नाव व्यंकटराव. माझ्या माहेरच्या गावातल्या वाचनालयाचा चिटणीस. गावाचं नाव सांगत नाही, सेलूकडचं आहे एवढं पुरे.

बहात्तर साली मी पंधरा वर्षांची होते. वडील, आमचे दादा, शाळेत गुरुजी, त्यामुळं मला वाचनालयात जायला मुभा होती. आठवड्याला दोन पुस्तकं आणायची मी. चुलीपुढं वाचायची, आडावर घागर भरेपर्यंत वाचायची. तर सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला सगळं गाव जमलेलं असताना व्यंकटरावानं मला पुढं बोलावलं. एक कादंबरी माझ्या तोंडासमोर उघडून धरली आणि ओरडला, “गुरुजींच्या लेकीची करणी बगा! नवरा-बायकोची पानं कापून नेली हिनं.”

मी ती कादंबरी घरी नेली तेव्हाच पानं नव्हती, आईशपथ. मी तसं म्हणालेही. कोण ऐकतंय? पोरं हसली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दादांची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. व्यंकटरावानं मला झेंडा उतरवेपर्यंत तिथंच उन्हात उभं केलं. रजिस्टरातून माझं नाव काढलं. आणि दादांनी त्याच उन्हाळ्यात माझं लग्न उरकून टाकलं.

मला त्या दिवसाचं एक पक्कं लक्षात राहिलं, ते म्हणजे पान कापायची तऱ्हा. अर्ध्या ब्लेडनं शिवणीला धरून सरळ आणलेलं, आणि तळाशी हात तिरका सुटलेला, बोटभर कागद मागं ठेवून. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर पुस्तक म्हणून हातात धरलं नाही. सिताराम पेपर आणायचा, त्यात मी डाळ निवडायची.

आता भिशीचं सांगते. पैशांची नव्हे, पुस्तकांची. रंगनाथ म्हणून एसटीत कंडक्टर आहे, वाचनाचा वेडा. त्याच्या रस्त्यावरची सहा माणसं त्यानं जमवली, कुणी येलदरीचं, कुणी वालूरचं. एकमेकांची तोंडं कुणी बघितलेली नाहीत. पुडक्यात दोन पुस्तकं आणि एक जाडजूड वही. दर गुरुवारी पुडकं एकाकडून दुसऱ्याकडं जाणार, सहा आठवड्यांनी फिरून येणार, अशा दोन फेऱ्या झाल्या की दोन नवी पुस्तकं. वहीत वाटेल ते लिहा, भांडा, पण नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. ते नामांतराचे दिवस होते, माणसं आधी आडनाव हुंगायची आणि मग बोलायची. रंगनाथ म्हणायचा, नंबरला आडनाव नसतं, बोला बिनधास्त. ‘मी असा, मी अशी’ हे पण लिहायचं नाही. आणि एक कडक नियम, ज्याच्या हातून पान गेलं त्याचा नंबर गेला. त्याला ठेवायचं असेल तर बाकीच्या सगळ्यांनी वहीत ‘हो’ लिहायचं. एकानं जरी ‘नाही’ लिहिलं तरी संपलं.

माझ्या शेजारची लीलाताई, दवाखान्यात नर्स, ती चार नंबर. तिची बदली झाली तेव्हा पुडकं माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाली, “तू घे माझा नंबर.”

“मला नको ती पुस्तकं.”

“पुस्तक नको वाचू गं. वही तर वाच.”

वही उघडली. घर सोडून गेलेल्या एका बाईची कादंबरी होती म्हणे, त्यावर दोन नंबरनं लिहिलं होतं, ‘अशा बाईला पाप लागते.’ खाली तीन नंबरचं बारीक गोल अक्षर, ‘दोन नंबरनं महिनाभर पहाटे उठून चाळीस भाकरी थापाव्यात, मग पाप कुणाला लागतं ते लिहावं.’ मी एकटीच खदखदून हसले. मग वाटलं, खरं कुणाचं ते बघावं तरी. त्यासाठी कादंबरी वाचावी लागली. चार दिवसांत संपवली. डाळ करपली, सिताराम करवादला, मला काही ऐकू येईना. तेरा वर्षांची भूक होती ती.

मी वहीत लिहिलं की दोघंही चूक आहेत. सहा आठवड्यांनी तीन नंबरचं उत्तर आलं, ‘चार नंबरला राग लवकर येतो. चांगलं आहे. पण चाळिसावं पान पुन्हा वाचा.’ वाचलं. तीन नंबर बरोबर होता, मेला! त्यानंतर दोन वर्षं आमचं असंच चाललं. मी पुस्तक वाचायची ती निम्मी तीन नंबरशी भांडायला. भाजी घेताना, धुणं धुताना मनात वाद चालायचा. माहेर सुटल्यापासून मला असं कुणी भेटलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात पुडकं आलं. वहीत दोन नंबरनं लिहिलं होतं, ‘नवरा बायकोचे केस धुतो तो विहिरीवरचा प्रसंग अप्रतिम.’ खाली तीन नंबर, ‘ती पानं पुडक्यात आलीच नाहीत. ज्याला प्रसंग एवढा आवडला त्यालाच विचारावं.’

मी पुस्तक उघडलं. चार पानं गायब. शिवणीला धरून सरळ, तळाशी तिरका, बोटभर कागद मागं.

मी तशीच स्टँडवर गेले आणि रंगनाथला गाठलं. “तीन नंबर कोण?”

“वहिनी, नंबर फोडायचा न्हाई. इमान हाय माझं.”

“गाव तरी सांग.”

त्यानं कुरकुरत माझ्या माहेरचं नाव घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली. व्यंकटराव! पानं स्वतः कापायची आणि दुसऱ्याला उभं करायचं, थेरडा अजून तोच धंदा करायलाय. आणि त्याच्याशी मी दोन वर्षं हसले, भांडले, त्याच्या शाबासकीनं फुलले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले, पुडकं मांडीवर. दादा वारले तेव्हापासून त्या गावात पाय ठेवला नव्हता. वाटभर वाक्यं पाठ केली. त्याला दंडाला धरून मारुतीच्या पारावर आणायचं, चारचौघं गोळा करायचे, वही त्याच्या तोंडासमोर धरायची आणि विचारायचं, आता कोण उभं राहणार, व्यंकटराव? दोन नंबर का तुमी?

दार त्याच्या बायकोनं उघडलं. मनकर्णाबाई. जाड भिंगाचा चष्मा, कपाळ मोकळं.

“व्यंकटराव कुठं आहेत?”

“चार वर्स झाली की त्यांना जाऊन.”

मेला मरून सुटला होता. तिची नजर माझ्या हातातल्या पुडक्यावर गेली आणि चेहराच बदलला. हळूच म्हणाली, “चार नंबर?”

म्हणजे तीन नंबर ही होती! तिनं आत नेऊन पाणी दिलं, मी घेतलं नाही. मी कुणाची कोण ते सांगितलं. तिनं उठून गोधड्यांच्या चळतीखालून एक बाड काढलं. सुईदोऱ्यानं शिवलेलं, शंभरेक पानं, दर चार पानांना टाइप वेगळा, कागद वेगळा.

“ते पुस्तकं घरी आणून ठेवायचे,” ती म्हणाली. “मला हात लावू द्यायचे न्हाईत. दुपारी डुलकी लागली की मी चोरून वाचायची. पुस्तक परत जायचं, मंग काय राहायचं मला? जे लय आवडलं ते कापून ठेवलं. आता सवय सुटंना.”

“झेंडावंदनाला तुमी होतात?”

“होते. बायकांत.”

“मग कामून बोलला न्हाईत?”

“त्यांनी जीव घेतला असता माझा.”

“आणि आता? आता कोण जीव घेणार होतं? दोन नंबरवर कामून ढकललं?”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसत बसली. “भ्या वाटलं. पुडकं बंद होईल म्हनून.”

पुडकं बंद होण्याचं भय मला समजत नव्हतं असं नाही. पण पंधरा वर्षांची पोर उन्हात उभी होती आणि ही सावलीत बसून बघत होती. तिच्याकडं आवडती पानं राहिली आणि माझ्याकडून सगळी पुस्तकं गेली. मी वही तिच्यापुढं सरकवली.

“लिहा. बहात्तरचं लिहा, आताचं लिहा. नंबर नको. नाव लिहा.”

तिनं लिहिलं. काही चोरलं नाही, काही सजवलं नाही. खाली मनकर्णा व्यंकटराव अशी सही केली. मी वही ओढून घेतली, उठले. मागून तिचा आवाज आला, “चार नंबर, ते दुसरं पुस्तक वाचलं का? त्यातल्या बाईनं परत जायाला पायजे होतं का?”

वाचलं होतं. सांगायला लय होतं. मी चप्पल घालून बाहेर पडले.

पुडकं फिरलं. पाच नंबरनं ‘हो’ लिहिलं, सहानं, एकानं. ज्याच्यावर आळ आला होता त्या दोन नंबरनं लिहिलं, ‘पानं परत जोडावीत आणि तीन नंबरला राहू द्यावं. यांच्याएवढं चांगलं कुणी भांडत नाही.’ रंगनाथनं पुडकं तीन नंबरला टाळून थेट माझ्या घरी आणलं आणि दारात उभा राहिला.

“सगळ्यांचं हो हाय, वहिनी. तुमचं तेवढं राहिलंय. इचार करा.”

“केला. पंधरा वर्षं केला.”

त्याच्यासमोर ‘नाही’ लिहिलं. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. सितारामला म्हणाले, आज गोडाचं करते. केलंही.

आता तीन फेऱ्या झाल्यात. दोन नंबरच्या खाली सरळ माझी जागा. वहीत लिहिलेलं असतं, ‘छान आहे.’ ‘आवडले.’ ‘शेवट चांगला.’ मी माझ्यापुरतं वाचते, वाचन काही सुटलं नाही, सुटणारही नाही. या खेपेचं पुस्तक तर असं होतं की माझं डोकं भणाणलं. अडीच पानं लिहिली मी वहीत. लिहिताना समोरून काय उत्तर येईल, त्यावर आपण काय हाणायचं, सगळं तयार होतं. खाली नंबर टाकून वर बघितलं आणि कळलं, हे वाचून माझ्याशी कुणी भांडणार नाही. एक लिहील, ‘चार नंबरशी सहमत.’ असला संताप आला मला! त्या म्हातारीचाही आला, माझाही आला.

तरी ‘नाही’ म्हणजे नाहीच. मी होऊन खोडणार नाही. रंगनाथनं परत एकदा विचारलं तर बघू. म्हणून पुडकं घ्यायला आणि द्यायला हल्ली मी स्वतः स्टँडवर जाते, गाडी सुटेपर्यंत थांबते. तो तिकिटांची पेटी सावरतो, “बरं हाय ना वहिनी” म्हणतो आणि घंटी मारतो. मेला विचारतच नाही.